नोट डोळ्यांसमोर आहे, पण प्लगइनच्या सर्चला सापडत नाही: ऑब्सिडियन आणि मराठी नोट्स

मराठीत नोट्स लिहिणाऱ्या आणि त्यांच्यासाठी ऑब्सिडियन या नोट्सच्या ॲपची प्लगइन (वरून जोडायचे छोटे प्रोग्रॅम) बनवणाऱ्या मंडळींकडून एक तक्रार सतत येते. प्लगइनमध्ये सर्च टाकला, इंग्रजी नोट्सवर तपासला, झकास चालला. मग कुणीतरी ‘किल्ला’ शोधलं आणि एक तर काहीच आलं नाही, नाहीतर अख्खा व्हॉल्ट (सगळ्या नोट्सचं फोल्डर) समोर येऊन पडला. हा बिघाड मी इतक्या वेगवेगळ्या प्लगइनमध्ये दुरुस्त केला आहे की आता लक्षण ऐकलं की कुठे बघायचं ते बहुतेक वेळा लगेच कळतं. ते सगळं इथे एकत्र लिहून ठेवतो आहे.

यातला बहुतेक त्रास दोन प्रश्नांपाशी येऊन थांबतो: शब्द कुठे तोडला आणि तो कोणत्या कोडांनी, म्हणजे युनिकोडमधल्या अक्षरांच्या कोणत्या क्रमांकांनी, लिहिला गेला होता? नोटमधला मजकूर आणि शोधणाऱ्याने टाइप केलेला शब्द एकाच गाळणीतून गेले तर मराठी शोध नीट चालतो. वेगवेगळ्या गाळण्यांतून गेले तर इंडेक्स (कुठला शब्द कुठल्या नोटमध्ये आहे त्याची यादी) कितीही वेगवान असला तरी उपयोग नाही.

लक्षणं

आधी आपला बिघाड यातला कोणता ते ओळखा.

- मराठी शब्द शोधला की शून्य निकाल, इंग्रजी शब्द मात्र बिनचूक सापडतात.
- मराठी शब्द शोधला की शेकडो निकाल, आणि त्यातल्या बऱ्याच नोट्समध्ये तो शब्दच नाही.
- ‘माती’ शोधली तर मोतीही येतात.
- ‘पूर्ण शब्द’ हा पर्याय चालू केला की मराठीत सगळं गायब होतं.
- नोटच्या पहिल्या एक-दोन ओळींतलं सापडतं, खालचं सापडत नाही.
- नोटमधून शब्द कॉपी करून टाकला तर सापडतो, स्वतः टाइप केला तर नाही.
- नोट सापडते, पण पिवळी खूण दोन-तीन अक्षरं सरकलेली दिसते, किंवा खुणेच्या कडेला तुटकं ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं.
- नाव बदललेली नोट जुन्याच नावाने सापडते.
- लॅपटॉपवर ठीक, आयफोनवर प्लगइन सुरूच होत नाही.

आधी कोरा व्हॉल्ट

रोजच्या व्हॉल्टवर प्रयोग करू नका. वेगळा व्हॉल्ट उघडा आणि त्यात मोजक्या नोट्स ठेवा: एकीत ‘किल्ला’, एकीत ‘माती’, एकीत ‘मोती’, एकीत ‘दऱ्या’, एकीत ‘दर्या’, एकीत ‘ॲप’, एकीत मराठी आकड्यांतलं साल आणि एकीत तेच साल इंग्रजी आकड्यांत. शिवाय एक लांबलचक नोट, जिचा शोधायचा शब्द अगदी तळाशी आहे. हजारो नोट्समध्ये चुकीचा निकाल डोळ्याला दिसत नाही. इथे तो ताबडतोब दिसतो. दुसरं म्हणजे प्लगइन नोट्समध्ये काही लिहीत असेल, तर तुमचा खरा मजकूर सुरक्षित राहतो.

पहिली तपासणी: ऑब्सिडियनचा स्वतःचा सर्च काय म्हणतो?

ही मिनिटभराची तपासणी प्लगइन वापरणाऱ्यालाही जमते. तोच शब्द डाव्या पट्टीतल्या मूळ सर्चमध्ये टाका. तिथे सापडला आणि प्लगइनमध्ये नाही, तर दोष प्लगइनमध्ये आहे. तिथेही सापडला नाही, तर नोटमधून तोच शब्द कॉपी करून पुन्हा टाका. कॉपी केलेला सापडतो आणि टाइप केलेला सापडत नाही, याचा अर्थ दिसायला सारखे असलेले दोन शब्द आतून वेगळे आहेत. अशा वेळी थेट चौथ्या तपासणीकडे जा, मधला वेळ वाचेल.

कॉपी केलेलाही सापडला नाही तर ती नोट वगळलेल्या फोल्डरमध्ये आहे का, किंवा ती मुळात मार्कडाउन फाइल (साध्या मजकुराची .md फाइल) आहे का ते बघा. ‘गेटमार्कडाउनफाइल्स’ हे फंक्शन फक्त मार्कडाउन फाइलींची यादी देतं. कॅनव्हास आणि पीडीएफ त्यात येत नाहीत, आणि बरेच जण तीच तक्रार ‘सर्च बिघडला’ म्हणून आणतात.

याच टप्प्यावर प्लगइनच्या सेटिंगमधली शब्दाची किमान लांबी बघून घ्या. ‘तीन अक्षरांपेक्षा लहान शब्द सोडून द्या’ ही अट इंग्रजीत शहाणपणाची आहे. मराठीत मात्र ‘गड’, ‘वड’, ‘ऊस’, ‘घर’ हे सगळे दोन अक्षरी शब्द तिच्यामुळे इंडेक्सबाहेर राहतात. किमान लांबी दोन ठेवा.

दुसरी तपासणी: इंडेक्स ताजा आहे का?

ऑब्सिडियन पूर्ण बंद करून उघडा आणि पुन्हा शोधा. बंद-चालू केल्यावर नोट सापडू लागली, तर शोध ठीक आहे, इंडेक्स अद्ययावत ठेवणारा भाग कच्चा आहे. यात तीन जागा हमखास निघतात.

पहिली जागा म्हणजे व्हॉल्टचा ‘क्रिएट’ इव्हेंट, म्हणजे नवी फाइल बनल्याची सूचना. व्हॉल्ट उघडताना आधीपासून असलेल्या प्रत्येक फाइलसाठीही तो येतो. तो थेट ‘ऑनलोड’मध्ये (प्लगइन सुरू होताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) जोडला तर सुरुवातीलाच हजारो वेळा इंडेक्सिंग होतं, ॲप अडखळतं, आणि काही नोट्स दोनदा नोंदल्या जातात. म्हणून ही जोडणी ‘ऑनलेआउटरेडी’च्या (ॲपची मांडणी तयार झाल्यावर चालणाऱ्या भागाच्या) आत करायची. ऑब्सिडियनच्या दस्तऐवजातही हेच सांगितलं आहे.

दुसरी जागा नाव बदलण्याची. मेटाडेटा कॅशेचा (ऑब्सिडियन नोट्समधले दुवे, टॅग वगैरे साठवून ठेवतं त्या नोंदीचा) ‘चेंज्ड’ इव्हेंट फाइलचं नाव बदललं की येत नाही. वेग राखण्यासाठी तसं मुद्दाम ठेवलं आहे. त्यामुळे व्हॉल्टचा ‘रीनेम’ इव्हेंट वेगळा पकडावा लागतो आणि जुना पत्ता इंडेक्समधून काढून नवा घालावा लागतो. ‘डिलीट’चंही तसंच. नाहीतर पुसलेली नोट निकालात दिसत राहते आणि क्लिक केलं की रिकामं पान उघडतं.

तिसरी जागा साठवलेल्या इंडेक्सची. दर वेळी नव्याने इंडेक्स करायला नको म्हणून तो डिस्कवर ठेवतात, ते योग्यच. पण तो प्लगइनच्या डेटा फाइलमध्ये ठेवू नका. ती फाइल व्हॉल्टसोबत सिंक होते, आणि फोन आणि लॅपटॉप एकमेकांचा इंडेक्स पुसत बसतात. त्यासाठी इंडेक्स्ड-डीबी (त्या त्या उपकरणावरच राहणारा डेटाबेस) वापरा. सोबत एक आवृत्ती क्रमांक ठेवा. शब्द तोडण्याची किंवा गाळण्याची पद्धत बदलली की क्रमांक वाढवा, आणि क्रमांक जुळला नाही तर जुना इंडेक्स टाकून नवा बांधा. हे राहून गेलं की कोड दुरुस्त होतो पण निकाल जुनेच येतात, आणि माणूस बरोबर केलेली दुरुस्ती उलटी फिरवून बसतो.

तिसरी तपासणी: शब्द कुठे तुटतो आहे?

तक्रारींचं सगळ्यात मोठं मूळ इथे आहे, म्हणून जरा सावकाश.

तुमच्या कोडमध्ये मजकुराचे शब्द करणारी ओळ शोधा. तिला ‘किल्ला बघून आलो’ हे वाक्य द्या आणि बाहेर काय येतं ते कन्सोलमध्ये छापा. कंट्रोल, शिफ्ट आणि आय दाबलं की ऑब्सिडियनचं कन्सोल (कोडचे निकाल दाखवणारी खिडकी) उघडतं. तीन शब्द आले तर पुढे चला. काहीच आलं नाही, तर त्या ओळीतल्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुराचा साचा सांगणाऱ्या सूत्रात) ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ असणार. जावास्क्रिप्टमध्ये हे चिन्ह फक्त रोमन अक्षरं, इंग्रजी आकडे आणि अंडरस्कोर ओळखतं. युनिकोडचा ‘यू’ फ्लॅग लावला तरी देवनागरी त्यात येत नाही. म्हणजे त्या ओळीच्या दृष्टीने तुमची सगळी मराठी नोट ही शब्दांमधली मोकळी जागा आहे. मग शोधशब्दही रिकामा होतो. रिकाम्या शोधाला काही प्लगइन शून्य निकाल देतात, तर ‘सगळे शब्द जुळले पाहिजेत’ असं तपासणारी अख्खा व्हॉल्ट देतात, कारण जुळवायला शब्दच उरत नाही. दोन उलट दिसणारी लक्षणं एकाच ओळीतून येतात ती अशी.

‘पूर्ण शब्द’ पर्यायाचं दुखणं याच कुळातलं. तिथे ‘बॅकस्लॅश बी’ वापरलेलं असतं. शब्दातलं अक्षर आणि शब्दाबाहेरचं अक्षर यांच्यामधली सीमा ते शोधतं. देवनागरीत त्याच्या लेखी दोन्ही बाजू शब्दाबाहेरच्याच, त्यामुळे सीमा सापडतच नाही.

हे वाचून बहुतेक जण युनिकोडच्या ‘लेटर’ गटाकडे वळतात. ही सोय २०१८च्या जावास्क्रिप्ट मानकात आली. दिशा बरोबर, पण निम्मीच. युनिकोडच्या हिशोबात क आणि ल ही अक्षरं आहेत, तर ि, ा, ं आणि हलन्त (पाय मोडण्याचं चिन्ह) ही ‘मार्क’ गटात मोडतात. फक्त ‘लेटर’ गट धरला तर ‘किल्ला’चे तीन तुकडे होतात: क, ल, ल. ‘कोल्हापूर’चे क, ल, ह, प, र. आता ‘किल्ला’ शोधला की कोल्हापूरची नोट येणारच, कारण तिच्यात क आहे आणि ल आहे. शेकडो निकाल येण्याचं कारण हेच. लेटर, मार्क आणि नंबर हे तिन्ही गट एकत्र धरून शब्द ओळखा. किंवा उलट बाजूने जा: मोकळी जागा आणि विरामचिन्हं यांवर तोडा, बाकी काही तोडू नका. मराठीसाठी मला ही दुसरी रीत जास्त भरवशाची वाटते, कारण जोडाक्षरांत दडलेली अदृश्य चिन्हंही तिच्यात शाबूत राहतात. दंड (।) वापरणाऱ्या संस्कृत नोट्स असतील तर काळजी नको, दंड विरामचिन्हांतच मोडतो.

‘माती’ आणि ‘मोती’ एक होण्याचं कारण वेगळं आहे. फ्रेंच किंवा स्पॅनिश अक्षरांवरचे स्वरचिन्ह काढून टाकणारा एक छोटासा कोड सगळीकडे फिरत असतो. तो मजकूर आधी विघटित रूपात (अक्षर वेगळं, चिन्ह वेगळं) नेतो आणि मग ‘मार्क’ गटातलं सगळं पुसतो. मराठीत यामुळे माती, मोती, मत हे सगळं ‘मत’ होतं. त्याचाच एक भाऊ ‘डायक्रिटिक’ गुणधर्म पुसतो. तो मात्रांना हात लावत नाही, पण हलन्त आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) त्या गुणधर्मात येतात, त्यामुळे ‘किल्ला’चा ‘किलला’ होतो आणि ‘पत्र’चं ‘पतर’. अशी ओळ दिसली तर ती काढा, किंवा ०३०० ते ०३६एफ या लॅटिन चिन्हांच्या पट्ट्यापुरतीच ठेवा.

तयार लायब्ररी वापरत असाल तर तिच्या मूळ सेटिंग वाचून घ्या. मिनीसर्च मोकळी जागा आणि विरामचिन्हांवर तोडते, म्हणून मराठीला तिचा त्रास सहसा होत नाही. लनरच्या मूळ मांडणीत ‘ट्रिमर’ नावाचा टप्पा शब्दाच्या दोन्ही टोकांचं ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’त न बसणारं सगळं कापतो. देवनागरी शब्द त्यात पूर्णच कापला जातो, म्हणून तो टप्पा बदलावा लागतो. फ्यूजचं वेगळं आहे. तिच्यात जुळणी नोटच्या सुरुवातीपासून किती लांब चालेल याला मर्यादा आहे. मूळ आकडे उंबरठा ०.६ आणि अंतर १०० असे आहेत, म्हणजे साधारण पहिली ६० अक्षरं. लांब नोटच्या तळाचं न सापडण्याचं कारण हेच, आणि ते इंग्रजीतही घडतं. ‘इग्नोरलोकेशन’ चालू केलं की सुटतं.

लायब्ररीची गरजच नसेल तर ऑब्सिडियनचं ‘प्रिपेअरसिम्पलसर्च’ वापरून बघा. मोकळ्या जागेने तोडलेले शब्द ते मजकुरात जसेच्या तसे शोधतं. छोट्या व्हॉल्टला एवढं पुष्कळ होतं, आणि ‘गड’ शोधलं की ‘गडावर’सुद्धा सापडतं. लहान प्लगइनसाठी मी आधी हेच सुचवतो.

चौथी तपासणी: सारखे दिसणारे, पण वेगळे लिहिलेले शब्द

‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. यातला ऱ्य तीन प्रकारे साठवलेला आढळतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर, कोड ०९३१, मग हलन्त, मग य. दोन, साधा र, मग नुक्ता, हलन्त, य. तीन, साधा र, हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह, कोड २००डी, मग य. पडद्यावर तिन्ही तंतोतंत सारखे. कन्सोलमध्ये लांबी विचारली तर पहिल्याची ७, दुसऱ्याची ८ आणि तिसऱ्याचीही ८ येते. म्हणून नुसती लांबी बघून भागत नाही, एकेका अक्षराचा कोड छापून बघावा लागतो. कुठला कीबोर्ड कुठला प्रकार देतो यावर हे अवलंबून असतं. फोनवर लिहिलेली नोट लॅपटॉपवर सापडत नाही ती याचमुळे.

युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी लेखनं एका ठरावीक रूपात आणण्याची पद्धत) पहिला आणि दुसरा प्रकार एक करतं. तिसऱ्याला ते हात लावत नाही, त्यासाठी नियम आपल्यालाच लिहावा लागतो. इथे क्रम जपा. ‘अदृश्य चिन्हं सरसकट पुसून टाका’ ही ओळ आधी चालली, तर ‘दऱ्या’ हा शब्द तिसऱ्या प्रकाराने लिहिला असल्यास त्याचा ‘दर्या’ होतो. सह्याद्रीच्या दऱ्या शोधणाऱ्याला समुद्राच्या नोट्स मिळतात. आचाऱ्यांना आणि आचार्यांना यांचीही तीच गत. माझी गाळणी म्हणून या क्रमाने चालते:

आधी एनएफसी. मग र, हलन्त आणि २००डी हे त्रिकूट दिसलं की त्याजागी ऱ आणि हलन्त. मग ॲ. याचे चार अवतार आहेत: ०९७२ हे एकसंध अक्षर, अ आणि त्यावर अर्धचंद्र, अ आणि अर्धचंद्र यांच्यामध्ये अदृश्य जोडचिन्ह, आणि ऍ. एकसंध ॲ युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आला. त्याआधीच्या आणि नंतरच्याही पुष्कळ मजकुरात बाकीचे प्रकार आहेत. एनएफसी यांना एक करत नाही. चारही ०९७२ वर आणा. ‘ॲप’, ‘ॲडमिशन’ हे शब्द रोजच्या नोट्समध्ये इतके येतात की एवढ्या एका नियमाने निम्म्या तक्रारी बंद झालेल्या मी पाहिल्या आहेत.

त्यानंतर उरलेली अदृश्य चिन्हं पुसा: २००सी, २००डी आणि संकेतस्थळांवरून कॉपी करताना चिकटून येणारं २००बी. न तुटणारी मोकळी जागा साध्या जागेत बदला. शेवटी मराठी आकडे इंग्रजी आकड्यांत आणा, म्हणजे साल कुठल्याही आकड्यांत शोधलं तरी मिळेल.

ही गाळणी नोटला आणि शोधशब्दाला, दोघांनाही लावा. मिनीसर्चमध्ये शब्दावरची प्रक्रिया एकदा दिली की ती दोन्हीकडे लागते, शोधासाठी मुद्दाम वेगळी दिली नाही तर. स्वतः लिहिलेल्या कोडमध्ये मात्र एक बाजू हमखास सुटते, आणि सुटते ती बहुधा शोधशब्दाची. गाळलेला मजकूर फक्त इंडेक्ससाठी वापरा. नोटच्या फाइलमध्ये तो परत लिहू नका. लिहिणाऱ्याची अक्षरं त्याने लिहिली तशीच राहिली पाहिजेत, हा माझा आग्रह आहे.

ऱ्हस्व-दीर्घ एक करण्याचा मोह मात्र आवरा. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ हे निरनिराळे शब्द आहेत. चुकीच्या वेलांटीलाही निकाल हवा असेल तर तो दुसऱ्या फेरीत, खालच्या क्रमांकावर दाखवा.

पाचवी तपासणी: खूण सरकलेली

नोट सापडते पण पिवळी खूण चुकीच्या जागी पडते, तेव्हा शोध गाळलेल्या मजकुरात झालेला असतो आणि खूण मूळ मजकुरावर काढलेली असते. गाळताना अक्षरं कमी-जास्त होतात, त्यामुळे जागा सरकतात. गाळलेल्या प्रत्येक अक्षरासोबत त्याचा मूळ मजकुरातला क्रमांक साठवा आणि खूण काढताना तो वापरा. एनएफसी सगळ्या मजकुरावर एकदम चालवलं तर ही नोंद हरवते, म्हणून अक्षरसमूहागणिक चालवा.

ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं ते अक्षर आणि मात्रा यांच्यामध्ये खूण संपल्यामुळे. ‘क’ शोधला आणि ‘कि’मधल्या फक्त क ला खूण लावली, की वेलांटी एकटी पडते आणि फाँट तिला वर्तुळ जोडतो. खुणेचा शेवट पुढे सरकवा, जोवर पुढचं चिन्ह ‘मार्क’ गटातलं किंवा अदृश्य जोडचिन्ह आहे तोवर. शेवट हलन्तावर आला तर पुढचं व्यंजनही आत घ्या. ‘इंटल-सेगमेंटर’ (मजकूर अक्षरांत तोडणारी जावास्क्रिप्टची सोय) हे काम करतो, पण जोडाक्षर सलग धरण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत, २०२३ साली आला. जुन्या फोनवर तो क्ष मधोमध तोडू शकतो. चार ओळींचा स्वतःचा नियम इथे बरा.

सहावी तपासणी: फोन

आयफोनवर प्लगइन चालूच होत नसेल, तर कोडमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशनचं ‘लुकबिहाइंड’ (आधी काय आलं आहे ते तपासणारी सोय) शोधा. आयओएस १६.४ च्या आधी ते चालत नाही, आणि एकच ओळ असली तरी सगळी फाइल वाचताना नापास होते. ‘पूर्ण शब्द’ मराठीत चालवण्यासाठी लोक नेमकं हेच घालतात. त्याऐवजी आधी शब्द तोडून घ्या आणि शब्दाशी शब्द ताडा.

मराठी लिपीत टाइप करताना कीबोर्ड शब्द जुळवत असतो, तेवढ्यात एंटर दाबलं तर काही प्लगइन पहिली नोट उघडून मोकळी होतात. कीच्या इव्हेंटमधलं ‘इझकम्पोझिंग’ खरं असेल तर तो एंटर सोडून द्या. शोधही प्रत्येक अक्षराला न चालवता ‘डिबाउन्स’ने थोडं थांबून चालवा. अर्धवट ‘कि’, मग ‘किल्’ असे शोध फोनला उगाच दमवतात.

सातवी तपासणी: विभक्ती

इथून पुढचं अवघड आहे. ‘पुस्तक’ शोधलं तर ‘पुस्तकात’ सापडतं, कारण सुरुवात तीच आहे. ‘पाणी’ शोधलं तर ‘पाण्यात’ सापडत नाही. ‘माणूस’ने ‘माणसाला’ नाही, ‘शाळा’ने ‘शाळेत’ नाही. सामान्यरूपात मूळ शब्दच बदलतो. आरंभजुळणी आणि थोडी ढिली जुळणी चालू केली की काही सापडतात, पण ढिल्या जुळणीने लहान शब्दांत पुन्हा माती-मोती सुरू होतं. मिनीसर्चमध्ये मी शब्दाच्या लांबीच्या ०.२ पलीकडे जात नाही.

परवडणारा उपाय असा: शब्दाच्या शेवटची ला, ना, ने, नी, त, चा, ची, चे, च्या, हून, वर, साठी अशी नेहमीची टोकं काढून उरलेलं रूप इंडेक्समध्ये मूळ शब्दासोबत जादा नोंदवा. मूळ शब्द काढू नका. टोक काढून दोनच कोड उरत असतील तर काढू नका, नाहीतर ‘भात’ मधला त जातो आणि ‘भा’ उरतो. यानेही ‘पाण्या’ आणि ‘पाणी’ जुळत नाहीत. तेवढ्यासाठी नोटच्या वरच्या माहितीत पर्यायी नावं लिहायची सोय वापरणाऱ्याला द्या आणि तीही इंडेक्समध्ये घ्या.

कुठे थांबायचं

सामान्यरूपं पूर्ण सोडवायची असतील तर ते प्लगइनचं काम उरत नाही. शब्दरूपांचा कोश आणि व्याकरणाचे नियम लागतात. भाषातंत्रज्ञान करणाऱ्या माणसाला गाठा. घरच्या घरी नियम वाढवत गेलात तर प्रत्येक नव्या नियमागणिक दोन जुने शब्द बिघडतात.

नोटमधला मजकूर उघडल्यावर रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसत असेल, तर तो युनिकोडपूर्व डीटीपी फाँटमधून आलेला आहे. त्या फाँटांत रोमन कोडांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. सर्चने यात काही होणार नाही. आधी रूपांतर, तेही त्या नेमक्या फाँटसाठी बनलेल्या कन्व्हर्टरने, आणि मग मूळ छापील प्रतीशी ताडून. काम महत्त्वाचं असेल, ग्रंथालयाची किंवा संस्थेची कागदपत्रं असतील, तर डीटीपीतल्या जाणकाराकडेच द्या. पीडीएफमधून कॉपी केलेल्या मजकुरात वेलांटी अक्षराच्या आधी येऊन बसलेली दिसली तरी तेच. स्कॅन केलेल्या पानांना ओसीआर (चित्रातली अक्षरं वाचणारं तंत्र) लागतं, इंडेक्स नाही.

प्लगइन दुसऱ्याचं असेल आणि पहिल्या दोन तपासण्यांनी भागलं नाही, तर त्याच्या फाइलमध्ये हात घालू नका. पुढच्या अपडेटला तुमची दुरुस्ती पुसली जाईल. लेखकाला कळवा. आणि सर्च बिघडल्यासोबत नोट्सच कोऱ्या दिसू लागल्या, जुना मजकूर परत येऊ लागला किंवा एकाच नोटच्या दोन-तीन प्रती दिसू लागल्या, तर हा सर्चचा प्रश्न नाही. सिंक लगेच बंद करा, रिस्ट्रिक्टेड मोड चालू करा म्हणजे बाहेरून घेतलेली सगळी प्लगइन थांबतील, अख्खा व्हॉल्ट दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा, आणि डेटा परत मिळवण्याचं काम येणाऱ्या माणसाकडे जा. तोवर कुठलाही इंडेक्स पुन्हा बांधू नका.

लेखकाला कळवताना चार गोष्टी पाठवा: एकच नोट असलेला छोटा व्हॉल्ट, शोधलेला शब्द कॉपी करून, त्याच शब्दाचे कन्सोलमध्ये छापलेले कोड, आणि कुठल्या फोनवर कुठल्या कीबोर्डने तो टाइप केला ते. स्क्रीनशॉट पाठवलात तरी चालेल, पण सोबत शब्द मजकूर म्हणून हवाच. चित्रात ऱ्यचे तिन्ही प्रकार एकच दिसतात.